देवाला मी कशी दिसते?

मागच्या बाकांवर बऱ्याच जणी लेकरांना मांडीवर घेऊन बसल्या आहेत, ते पाहून बरे वाटले. लेकरू रडले तर उठून बाहेर जाऊ नका. आम्ही पस्तीस वर्षे तत्त्वज्ञानाचे तास घेतले आहेत. आमच्या बोलण्यात कुणी जांभई दिली, कुणी रडले, तरी आम्हाला चालते.

आजचा विषय कसा निघाला ते आधी सांगतो. मध्यंतरी उपासना संपल्यावर एक तरुण आई आमच्याजवळ आली. कडेवर पाच महिन्यांचे बाळ. म्हणाली, "सर, फणीत मूठमूठ केस येतात. पोट अजून तसंच आहे. फोटो काढायचा म्हटलं की बाळाला पुढं धरते, म्हणजे मी दिसणार नाही. आणि प्रार्थनेला बसले की एक शब्द सुचत नाही. देवाला मी कशी दिसत असेन हो?"

आम्ही म्हणालो, "अगं, देवाच्या नजरेत तू सुंदरच आहेस."

ती "हो सर" म्हणाली आणि गेली. हा "हो सर" आम्ही चांगला ओळखतो. विद्यार्थ्याला काही कळलेले नसते आणि विषय संपवायचा असतो, तेव्हा तो येतो. घरी जाऊन आम्ही विचार केला, तेव्हा लक्षात आले की चूक तिची नव्हती, उत्तर पोकळ होते. आज त्या उत्तराची दुरुस्ती करायची आहे.

पोकळ का, ते बघू. "देवाच्या नजरेत तू सुंदर आहेस" म्हणताना आपण सौंदर्याचा तराजू तसाच ठेवतो, फक्त तोलणारा बदलतो. दुकानदार जाऊन देव आला. बाईचे मोल तिच्या दिसण्यावर, हे मूळ गृहीतक जागेवरच राहते. आणि जिला रोज सकाळी आरसा वेगळेच सांगतो, तिला वाटते की एक तर देव मन राखण्यापुरते बोलतो, नाहीतर हे सर बोलतात. दुसरी शक्यता जास्त खरी होती.

तिच्या प्रश्नात दोन प्रश्न एकत्र आहेत. आरशासमोर उभे राहवत नाही आणि प्रार्थनेला बसवत नाही. आम्हाला वाटते की दोन्हीकडे अडचण एकच आहे: कुणीतरी माझ्याकडे बघते आहे, आणि त्या बघण्यात मी उणी ठरते.

ज्याँ पॉल सार्त्र या फ्रेंच तत्त्ववेत्त्याने १९४३ साली आलेल्या आपल्या मोठ्या ग्रंथात या 'बघितले जाण्या'वर पुष्कळ लिहिले आहे. त्याचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. एक माणूस दाराच्या कुलपाच्या भोकातून आत डोकावतो आहे. तोवर तो स्वतःला विसरलेला असतो. मागे पावलांचा आवाज होतो आणि त्या क्षणी त्याला लाज वाटते. दुसऱ्याच्या नजरेने त्याची एक वस्तू झाली: 'चोरून बघणारा माणूस'. सार्त्र देव मानत नव्हता, पण त्याचे हे निरीक्षण बाळंतिणीला समजावून सांगावे लागत नाही. बारशाला जमलेल्या बायका "किती सुटलीस गं!" म्हणतात, तेव्हा ती पावले तिला ऐकू येतात.

आता आपण मंडळीतल्या लोकांनी काय केले? लहानपणापासून मुलींना सांगितले, "देव बघतोय हं!" कशासाठी सांगितले? बहुतेक वेळा खोडी थांबवण्यासाठी. म्हणजे देवाची नजरसुद्धा आपण पावलांच्या आवाजासारखी करून ठेवली. मग ती मुलगी आई होते, थकते, चिडते, लेकरावर ओरडते, आणि रात्री प्रार्थनेला गुडघे टेकते तेव्हा समोर तोच पहारेकरी. शब्द सुचतील कसे?

पवित्र शास्त्रात मात्र देवाला 'पाहणारा' हे नाव पहिल्यांदा कुणी दिले, माहीत आहे? एका गरोदर दासीने. उत्पत्तीचा सोळावा अध्याय. हागार मिसरची, सारेची दासी. मालकिणीला मूल नाही म्हणून तिला अब्रामाच्या स्वाधीन केले गेले. तिला कुणी विचारले नाही. दिवस गेले, घरात तणतण सुरू झाली, छळ झाला आणि ती रानात पळून गेली. शूरच्या वाटेवर एका झऱ्यापाशी देवदूत तिला भेटतो. इथे एक बारीक गोष्ट पाहा. त्या कथेत अब्राम आणि सारे तिचा उल्लेख 'दासी' असाच करतात. तिला नावाने हाक मारणारा पहिला तो देवदूत आहे. हाक मारून तो विचारतो की तू कुठून आलीस आणि कुठे चाललीस. तिच्या रूपाबद्दल एक अक्षर नाही, चारित्र्याची चौकशी नाही. कुठून, कुठे. पुष्कळ आयांना वर्षानुवर्षे हे दोन प्रश्न कुणी विचारलेले नसतात, "जेवायला काय आहे?" एवढेच विचारलेले असते.

आणि मग हागार देवाचे नाव ठेवते: मला पाहणारा. त्या विहिरीलाही तेच नाव पडते. सार्त्रच्या नजरेने माणसाची वस्तू होते. इथे जिची सगळ्यांनी वस्तू केली होती, ती एका नजरेने पुन्हा माणूस होते. ही नजर मोजत नाही, तिला ओळखते.

या कथेत एक बोचरी जागा आहे आणि ती आम्ही लपवणार नाही. देवदूत तिला परत जायला सांगतो. हे वाक्य दाखवून मार खाणाऱ्या लेकींना सासरी परत पाठवलेले आम्ही स्वतः पाहिले आहे. तसा अर्थ लावणाऱ्यांनी एकविसावा अध्यायही वाचावा. तिथे हागार कायमची त्या घरातून बाहेर पडते, आणि देव तिच्याबरोबर रानातही असतो. एका बाईला एका वेळी सांगितलेले सगळ्या बायकांसाठी नियम होत नाही.

आता लेआकडे येऊ. दिसण्याच्या प्रश्नावर आमच्या मते शास्त्रात तिच्याइतके कुणी सोसलेले नाही. तिची ओळखच तुलनेने होते: राहेल रूपवान, आणि लेआचे डोळे... इथे मूळ इब्री शब्दाचा अर्थ 'मऊ, कोवळे' असाही होतो. पण बहुतेक भाषांतरांनी अधू, निस्तेज असाच अर्थ घेतला. थोडक्यात, भाषांतरकारांनीही तिला पाहुण्यांसारखेच पाहिले! बापाने तिला रात्रीच्या अंधारात याकोबाच्या गळ्यात बांधले. सकाळी उजेडात नवऱ्याने तिला पाहिले आणि तो सासऱ्याशी भांडायला गेला. लग्नाची पहिली सकाळ अशी.

पण तिच्या मुलांची नावे नीट वाचा, ती नावे म्हणजे तिची रोजनिशीच आहे. पहिला रऊबेन: देवाने माझे दुःख पाहिले, आता नवरा प्रेम करील. दुसरा शिमोन: मी नावडती आहे हे देवाने ऐकले. तिसरा लेवी: आता तरी नवरा मला जडून राहील. तीन मुले आणि तिन्ही वेळा तिची नजर दाराकडे. चौथ्याच्या वेळी मात्र नवऱ्याचा विषयच नाही. ती म्हणते, आता मी परमेश्वराचे स्तवन करीन, आणि नाव ठेवते यहूदा.

उपदेश इथे थांबवायचा मोह होतो. पुष्कळ पाळक थांबतात. लेआ जिंकली, आमेन. पण पुढचा अध्याय उघडा. बहिणीबरोबर चुरस पुन्हा सुरू, दासीला पुढे करणे, नवऱ्याच्या एका रात्रीसाठी मुलाने आणलेल्या फळांचा सौदा. सहावा मुलगा जबुलून झाला तेव्हा ती पुन्हा म्हणते की आता तरी नवरा मला मान देईल. म्हणजे यहूदाच्या वेळचा विश्वास टिकला नाही. आला, गेला, पुन्हा हवासा झाला. आम्हाला लेआ आवडते ती यामुळेच. तिच्या शंका एकदा मिटल्या आणि कायमच्या मिटल्या असे झाले नाही, आणि देवाने त्याबद्दल तिच्याकडून काही काढूनही घेतले नाही. यहूदाच्याच वंशात दावीद झाला आणि पुढे आपला प्रभू. लाडकी राहेल वाटेत बाळंतपणात गेली, तिथेच पुरली गेली. मकपेलाच्या गुहेत सारा आणि रिबकेच्या शेजारी लेआ आहे, आणि मरताना याकोबाने आपल्यालाही तिथेच पुरा म्हणून सांगितले.

नीतिसूत्रांच्या एकतिसाव्या अध्यायाबद्दल थोडेसेच बोलतो, कारण मातृदिनाला तो ऐकून तुमचे कान किटले असतील. पहाटे उठणारी, कापड विणणारी, शेत घेणारी ती सद्गुणी स्त्री! ऐकून घरी जाताना प्रत्येक आईला वाटते, यातले मला निम्मेही जमत नाही. पण ही कामांची यादी नाही. इब्री वर्णमालेच्या बावीस अक्षरांवर रचलेले ते बावीस ओळींचे गौरवगीत आहे. अध्यायाच्या आरंभी लमुवेल राजाची आई मुलाला शिकवते आहे. यहुदी घरांत शुक्रवारी संध्याकाळी हे गीत बायकोसाठी म्हणण्याची रीत आहे. म्हणजे ते पुरुषांनी म्हणायचे, बायकांनी त्यात नापास व्हायचे नाही. 'सद्गुणी'च्या जागी मूळ शब्द आहे तो बळाचा, लढवय्यांसाठी वापरलेला. आणि त्या अख्ख्या गीतात तिच्या चेहऱ्याचे वर्णन नाही. हात आहेत, बाहू आहेत.

आता शंकेबद्दल. "मला शंका येतात म्हणजे माझा विश्वास कच्चा" हे वाक्य आम्ही आयांकडून फार ऐकतो. पंडिता रमाबाईंचे उदाहरण घ्या. १८८३ साली इंग्लंडात वाँटेजला त्यांचा आणि चिमुकल्या मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. पंचविशीतली विधवा आई, परका देश, परकी भाषा. ज्या भगिनींनी आसरा दिला त्यांच्याशी त्रैक्यासारख्या सिद्धांतांवर आणि मनोरमेच्या धर्मशिक्षणावर रमाबाईंचे पत्रांतून वाद चालत. मान्य नसेल तर मान्य नाही म्हणत. आणि बऱ्याच वर्षांनंतर आपल्या साक्षीत त्यांनी कबूल केले की बाप्तिस्म्यानंतरही बराच काळ आपल्याला धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडायचा होता. हे लिहिणारी बाई पुढे केडगावला शेकडो अनाथ मुलींची आई झाली आणि एकटीने शास्त्राचे मराठी भाषांतर केले. शंका आड आली नाही.

मार्काच्या नवव्या अध्यायात आजारी मुलाचा बाप येशूला एका दमात सांगतो की माझा विश्वास आहे आणि माझ्या अविश्वासाला मदत कर. येशूने त्याला आधी विश्वास पक्का करून ये म्हणून परत पाठवले नाही. मुलगा त्याच दिवशी बरा झाला.

एक व्यवहाराची गोष्ट सांगायलाच हवी. केस गळण्यामागे पाप नाही. गरोदरपणात संप्रेरकांमुळे केस कमी गळतात, ती पातळी बाळंतपणानंतर उतरली की थांबून राहिलेले केस तीन-चार महिन्यांनी एकदम गळू लागतात. बहुतेकींचे वर्षभरात पूर्ववत होते. पहिल्या काही दिवसांत उगाच रडू येणे हेही नेहमीचे. पण उदासी दोन आठवड्यांपुढे गेली, बाळाबद्दल काहीच वाटेनासे झाले, तर तो आजार आहे, डॉक्टरकडे जायचे. जिवाचे किंवा बाळाचे बरेवाईट करण्याचे विचार आले तर त्याच दिवशी, एकटे न राहता. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे. आणि सासवांना, नवऱ्यांना आमची विनंती: अशा वेळी "प्रार्थना कमी पडते" असे म्हणू नका. ताप आल्यावर आपण तसे म्हणत नाही.

शेवटी फोटोचे. आमच्या घरी आमच्या आईचा एकही धड फोटो नाही. प्रत्येक फोटोत ती कुणाच्या तरी मागे आहे. कुठे अर्धा पदर, कुठे नुसता हात. तेव्हा आम्हाला वाटायचे तिला आवड नाही. आज आम्ही सत्तरी ओलांडली आहे आणि त्या हातावरून चेहरा जुळवत बसतो. ती कशी दिसायची हे कुणी विचारले तर सुंदर होती की नव्हती, हे आम्हाला सांगताच येणार नाही. तसे आम्ही तिच्याकडे कधी पाहिलेच नव्हते.

ती तरुण आई आज आली आहे, डावीकडे तिसऱ्या बाकावर. मघाशी आम्ही तिला विचारले, "कुठून आलीस, कुठे चाललीस?" ती हसली, आणि या खेपेला "हो सर" म्हणाली नाही. बोलत बसली, चांगली वीस मिनिटे. म्हणून तर व्याख्यान उशिरा सुरू झाले.

आता प्रश्न घेऊ. ज्यांची लेकरे कंटाळली असतील त्यांनी आधी विचारावे.