नाशिकचं नाव, मुक्काम परदेशी

नाशिक रोडला उतरून त्र्यंबकेश्वरी जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ‘नासक’ हिरा ठाऊक असतो. त्र्यंबकेश्वराच्या ठेव्यातला हा हिरा पुढे पेशवा दुसऱ्या बाजीरावाकडे आला आणि १८१८ च्या पराभवानंतर इंग्रजांनी तो लंडनला नेला. ‘नासक’ म्हणजे इंग्रजी उच्चारातलं नाशिकच. मूळ वजन सुमारे ९० कॅरट. लंडनच्या जवाहिऱ्यांनी पैलू पाडून ते ८० वर आणलं. १८३७ च्या लिलावात वेस्टमिन्स्टरच्या मार्क्विसने तो घेतला आणि चक्क तलवारीच्या मुठीत बसवला! १९४० मध्ये जवाहिरे हॅरी विन्स्टन यांनी न्यूयॉर्कमध्ये तो पुन्हा कापला. उरले ४३.३८ कॅरट. चमक वाढली, पण पेशव्यांनी पाहिलेला हिरा काही तो राहिला नाही.

आपल्या घरच्या डब्यातल्या जुन्या लॉकेटलाही हेच लागू. सोनं वितळलं की घडण गेली, मागच्या बाजूला कोरलेली अक्षरंही गेली. मोडीत घालण्याआधी लॉकेटचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा, वजन आणि कुणाकडून आलं ते लिहून ठेवा. आणि हो, शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येते. ती परदेशी पाठवण्याचा अधिकार फक्त केंद्र सरकारला किंवा त्याने नेमलेल्या संस्थेला आहे.