डब्लिनला पाणी पाजणारा सर्जन (एपिसोड ट्रान्सक्रिप्ट)

आज आपण जाऊया डब्लिनला. तिथल्या ओ'कॉनेल स्ट्रीटवर एका डॉक्टरचा पुतळा आहे. ऑपरेशनसाठी नाही हं, पाण्यासाठी! नाव, सर जॉन ग्रे.

ग्रे मेयो काउंटीतल्या क्लेअरमॉरिसचे. १८३९ मध्ये ग्लासगोहून डॉक्टरकी आणि सर्जरीची पदवी घेतली, डब्लिनमध्ये काम सुरू केलं. पण दोनच वर्षांत 'फ्रीमन्स जर्नल' या वर्तमानपत्रात भागीदार झाले. स्वतः प्रोटेस्टंट असूनही ते डॅनियल ओ'कॉनेल या कॅथलिक नेत्याच्या आंदोलनात उतरले. मागणी होती, आयर्लंडला स्वतःची संसद हवी. १८४४ मध्ये दोघांनाही शिक्षा झाली, पण हाउस ऑफ लॉर्ड्सने ती रद्द केली.

मला खरी इंटरेस्टिंग वाटते ती पुढची गोष्ट. १८५२ मध्ये ग्रे नगरसेवक झाले आणि पाणी समितीचे अध्यक्ष बनले. तेव्हा शहर पाणी प्यायचं कालव्यांचं. म्हणजे ज्यात बोटी चालायच्या, तेच! कॉलराच्या साथी १८३२ आणि १८४९ मध्ये येऊन गेल्या होत्या.

ग्रेंनी जोर लावला तो विकलोच्या डोंगरातल्या वार्ट्री नदीसाठी. राउंडवुडला धरण बांधायचं, डोंगरातून सुमारे चार किलोमीटरचा बोगदा खणायचा आणि पाणी स्टिलॉर्गनच्या तलावांत आणायचं. धरण उंचावर, शहर खाली. त्यामुळे पाणी आपोआप उताराने येणार, पंप नको. विरोध अर्थातच झाला. कालव्याच्या कंपनीला गिऱ्हाईक गमवायचं नव्हतं. शेवटी १८६१ मध्ये कायदा झाला. १८६३ मध्ये कामाच्या समारंभातच ग्रेंना 'सर' किताब मिळाला आणि १८६८ पर्यंत वार्ट्रीचं पाणी शहरात पोचलं.

मग सगळं छान झालं का? नाही ना! स्वच्छ पाणी आलं, पण सांडपाणी लिफी नदीतच जात राहिलं. मोठी मलनिस्सारण योजना सुरू व्हायला १९०६ उजाडलं. गरिबांच्या दाटीच्या चाळींत माणसं मरतच राहिली. म्हणजे नळ हा अर्धाच उपाय. घाण पाणी बाहेर नेणारं गटार हा दुसरा अर्धा.

ग्रे १८७५ मध्ये गेले, १८७९ मध्ये पुतळा उभा राहिला. मला वाटतं, दवाखान्यात बसून त्यांनी फार तर काही हजार पेशंट तपासले असते. पाणी समितीच्या कंटाळवाण्या मीटिंगांत बसून त्यांनी अख्ख्या शहराला हात लावला.

तेव्हा पुढच्या वेळी नगरसेवक निवडताना एवढं नक्की विचारा, 'पाण्याचं काय? आणि गटाराचं?' भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये!