डब्याचा खरा भाव किती? गटाच्या धंद्यासाठी कॉलेजातलं हिशेबाचं शास्त्र



आपल्या गटांची हिशेबाची वही बहुतेक ठिकाणी चोख असते. बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशेब लेखन ही पंचसूत्री तुम्हा सर्वांना तोंडपाठ आहे. पण ही वही सांगते ती झालेल्या व्यवहाराची गोष्ट. किती आले, किती गेले, शिल्लक किती. गट जेव्हा धंदा करायला लागतो, तेव्हा आणखी प्रश्न पडतात. भाव काय लावायचा? ही ऑर्डर घ्यायची की नाही? विक्री वाढली, मग पैसा कुठे जातो? त्यासाठी हिशेबाची दुसरी पद्धत आहे. तिला व्यवस्थापकीय लेखांकन म्हणतात.

नावाला घाबरू नका. बी.कॉम., एम.कॉम. करणाऱ्या मुलामुलींना हा विषय असतो, मॅनेजमेंट अकाउंटिंग किंवा कॉस्ट अकाउंटिंग या नावाने. तुमच्यापैकी कुणाची मुलगी किंवा सून कॉमर्सला असेल, तर तिच्या पुस्तकात खाली सांगितलेलं सगळं सापडेल. फक्त तिथे उदाहरण कारखान्याचं असतं. आपण डब्याचं घेऊ, कारण भिवंडीच्या गोदामांत काम करणाऱ्यांना जेवणाचे डबे देण्याचा विचार बरेच गट करतात.

पहिली पायरी : खर्चाचे दोन भाग करा

समजा, एक गट रोज 30 डबे देतो. महिन्याचे 26 दिवस, म्हणजे 780 डबे. एका डब्याचा भाव 60 रुपये.

काही खर्च डब्याबरोबर वाढतो. शिधा, भाजी, तेल मिळून 32 रुपये, गॅस 5 रुपये, पिशवी वगैरे 3 रुपये. एकूण 40 रुपये. हा बदलता खर्च.

काही खर्च डबे 20 असोत की 30, तेवढाच राहतो. दोघी ताई रांधतात, त्यांची मजुरी रोजी प्रत्येकी 200 प्रमाणे महिन्याला 10,400 रुपये. रिक्षा रोज 80 प्रमाणे 2,080 रुपये. कर्जाचं व्याज आणि भांड्यांची झीज 520 रुपये. एकूण 13,000 रुपये. हा स्थिर खर्च.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. बरेच गट स्वतःची मजुरी धरतच नाहीत. मग 46,800 रुपयांच्या विक्रीतून सामान, रिक्षा, व्याज आणि झीज वजा केली की 13,000 रुपये उरतात, आणि सगळ्या म्हणतात, "तेरा हजार नफा झाला!" त्यातले 10,400 तर दोघींच्या घामाचे आहेत. खरा नफा 2,600 रुपये. घरचं माणूस राबतं म्हणून त्याची किंमत शून्य होत नाही. उद्या त्यातली एक ताई आजारी पडली आणि बाहेरून बाई लावावी लागली, तर तो खर्च लगेच डोळ्यांना दिसेल.

दुसरी पायरी : ना नफा ना तोटा कुठे?

60 रुपयांच्या डब्यातून 40 रुपये बदलता खर्च गेला की 20 रुपये उरतात. हे 20 रुपये आधी स्थिर खर्च भरून काढतात. 13,000 भागिले 20 म्हणजे 650 डबे. 26 दिवसांनी भागलं तर रोजचे 25. पंचविसाव्या डब्यापर्यंत गट फक्त खर्च फेडतो. सव्विसाव्या डब्यापासून कमाई. कॉलेजात याला समविच्छेदन बिंदू म्हणतात. प्रत्येक धंदेवाल्या गटाला आपला हा आकडा पाठ हवा.

तिसरी पायरी : ऑर्डर घ्यायची का?

आता एक ठेकेदार म्हणतो, "रोज 10 डबे जादा घेतो, पण 50 रुपयांनी द्या." काय कराल?

एखादी काकू म्हणेल, परवडत नाही. सगळा खर्च धरला तर एक डबा जवळजवळ 57 रुपयांना पडतो, मग 50 ला कसा द्यायचा? पण नीट बघा. मजुरी, रिक्षा, व्याज आधीच्या 30 डब्यांनी भरून निघालंय. जादा डब्याचा जादा खर्च 40 रुपयेच. म्हणजे डब्यामागे 10 रुपये, महिन्याला 2,600 रुपये वाढीव कमाई. नफा दुप्पट होतो.

पण दोन अटी आहेत. एक, त्याच दोघींच्या हातून आणि त्याच रिक्षातून 40 डबे निघायला हवेत. तिसरी बाई लावावी लागली तर गणित बिघडतं. दुसरी, जुन्या गिऱ्हाइकांनी "आम्हालाही 50 लाच द्या" म्हणता कामा नये. चाळीसही डबे 50 ला गेले, तर डब्यामागे फक्त 10 रुपये उरतील, म्हणजे महिन्याला 10,400. स्थिर खर्च 13,000. विक्री वाढूनही 2,600 रुपये तोटा! म्हणून ऑर्डरला हो म्हणण्याआधी दोन्ही बाजू कागदावर मांडा.

चौथी पायरी : नियंत्रण

आपण एका डब्याला 32 रुपयांचा शिधा धरला. महिनाअखेर प्रत्यक्षात 35 पडला. फरक फक्त 3 रुपये, पण 780 डब्यांचे होतात 2,340. म्हणजे जवळजवळ सगळा नफा गेला. आता लगेच कुणावर बोट दाखवू नका. आधी विचारा, भाव वाढला की वापर वाढला? तेल महागलं असेल तर तो रांधणाऱ्या ताईचा दोष नाही. दुकान बदला, घाऊक घ्या किंवा डब्याचा भाव वाढवा. भाव तोच असून तेल जास्त लागलं असेल, तर माप ठरवा. दोन दुखण्यांना एकच औषध चालत नाही. या एका प्रश्नाने गटातली कितीतरी भांडणं टळतात.

मोजून देणं आणि मोजून घेणं यात अविश्वास नाही. आपल्याकडे यंत्रमागाला सूत किती आलं आणि कापड किती मीटर निघालं हे मोजतातच. लिज्जत पापडाचं उदाहरण तर बायकांचंच आहे. 15 मार्च 1959 रोजी मुंबईत गिरगावात सात जणींनी 80 रुपये उसने घेऊन हे काम सुरू केलं. छगनलाल करमशी पारेख, म्हणजे छगनबाप्पा यांनी हिशेब चोख ठेवण्याचा आग्रह धरला. आजही तिथे भिजवलेलं पीठ तोलून दिलं जातं, लाटलेले पापड तपासून, तोलून घेतले जातात आणि वजनावर मजुरी मिळते. नियम सगळ्यांना सारखा, म्हणून कुणालाही राग येत नाही.

पुढच्या बैठकीत एवढं करा

वहीचं एक कोरं पान घ्या. चार रकाने आखा : खर्चाचं नाव, ठरवलेला खर्च, झालेला खर्च, फरक. फरकापुढे एका ओळीत कारण लिहा. मजुरीची ओळ विसरू नका. पानाच्या वर आपला ना नफा ना तोटा आकडा ठळक लिहून ठेवा.

आकडेमोडीला कॉमर्सच्या मुलीला बसवा. तिचा अभ्यास होईल, गटाचं काम होईल. आणि तुमच्यापैकी कुणाला स्वतःलाच शिकायचं असेल, तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. 1989 मध्ये ते सुरू झालं ते घर-काम सांभाळून शिकणाऱ्यांसाठीच. तिथे वयाची लाज बाळगायचं कारण नाही.

पान भरलं की महिनाअखेरच्या बैठकीला माझ्यासमोर ठेवा. आकडे चांगले असोत की वाईट, आपण मिळून वाचू.

तुमची,
क्षेत्र समन्वयक