चाकणमधील प्रतिपिंडे

मोटारी आणि त्यांचे सुटे भाग यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या चाकण औद्योगिक वसाहतीत एन्झीन बायोसायन्सेस ही अल्केम लॅबोरेटरीजची उपकंपनी प्रतिपिंडांची औषधे तयार करते, आणि तिची धुरा सांभाळणारे डॉ. हिमांशू गाडगीळ यांची कारकीर्द या उद्योगातील खरी अडचण कोठे आहे, हे नेमके दाखवते.

प्रतिपिंड म्हणजे अँटीबॉडी: शरीरात शिरलेला परका घटक ओळखून त्याला चिकटणारे, इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराचे प्रथिन. कोलर आणि मिलस्टाइन या शास्त्रज्ञांनी 1975 मध्ये एकाच साच्याची प्रतिपिंडे हवी तितकी मिळवण्याची पद्धत शोधली. परंतु ती उंदराची असल्याने रुग्णाचे शरीर त्यांनाच परके मानी. पुढे ग्रेग विंटर यांनी उंदराच्या प्रतिपिंडातील केवळ ओळख पटवणारे भाग मानवी प्रतिपिंडावर बसवले आणि औषधांचा मार्ग मोकळा झाला.

रचना साधली, तरी रेणू टिकवणे उरतेच. मेम्फिस येथील टेनेसी विद्यापीठात प्रथिनांच्या शुद्धीकरणावर काम केलेल्या गाडगीळ यांनी अमेरिकेतील ॲमजेन कंपनीत हाच प्रश्न हाताळला. प्रतिपिंड स्थिर राहावे म्हणून द्रावणात साखर घालतात. मात्र आम्लता आणि उष्णता वाढल्यास ती फुटून ग्लुकोज व फ्रुक्टोज होते आणि ग्लुकोज प्रतिपिंडालाच चिकटते, हे त्यांनी सहकाऱ्यांसह 2007 मध्ये वस्तुमान मोजणाऱ्या उपकरणाच्या साहाय्याने दाखवले. राखणदारच उपद्रवी ठरावा, असा हा प्रकार.

प्रतिपिंड जिवंत पेशींत, बहुधा चिनी हॅमस्टरच्या अंडाशयातून घेतलेल्या पेशींत, तयार होत असल्याने पेटंट संपल्यावरही त्याची हुबेहूब प्रत काढता येत नाही. म्हणून अशा औषधाला जेनेरिक न म्हणता बायोसिमिलर, म्हणजे सदृश जैविक औषध म्हणतात, आणि मूळ औषधाशी असलेले साम्य सिद्ध करण्यासाठी गाडगीळ ज्यात मुरले तेच सूक्ष्म मोजमाप कामी येते. संधिवातावरील ॲडालिमुमॅब आणि हाडांच्या ठिसूळपणावर सहा महिन्यांतून एकदा टोचले जाणारे डेनोसुमॅब ही एन्झीनची अशीच उत्पादने होत. अशी औषधे बनवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत मोठ्या टाकीत सुमारे दोन आठवडे पेशी वाढवून मग एकदम प्रथिन काढतात. एन्झीनने सतत उत्पादनाची पद्धत स्वीकारली, जिच्यात पेशी गाळणीने अडवून ताजे पोषणद्रव्य आत सोडले जाते, तयार प्रथिन अखंड बाहेर पडून शुद्धीकरणाकडे जाते आणि लहान टाकीतूनही भरपूर उत्पादन निघते.