ग्लासावरचा हात

बार ह्या विषयावर ह्या नियतकालिकात लिहायचे म्हणजे आधी एका रास्त आक्षेपाला सामोरे जावे लागते. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. पंचशीलातले पाचवे शील तेच सांगते. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात दारूबंदीसाठी बायांनी मोर्चे काढले, ठिय्ये दिले. शेजारच्या वर्ध्यात १९७० च्या दशकापासून बंदी आहे. चंद्रपुरात ती १ एप्रिल २०१५ ला आली आणि २०२१ ला उठली. बंदीच्या जिल्ह्याला लागून असलेल्या गावात बार कसा चालतो, हे वणी-कळंबच्या माणसाला सांगावे लागत नाही. दारूने आपल्या वस्त्यांतली किती घरे बसवली हेही नाही. मी स्वतः लिंबू-सोड्याच्या पुढे गेलेलो नाही.

तरीही समलिंगी माणसांच्या बारविषयी लिहायचे आहे, कारण तिथे दारूचा प्रश्न फार थोडा असतो. आपल्या चळवळीला जो प्रश्न पाणवठ्यावर, देवळाच्या पायरीवर आणि हॉटेलातल्या वेगळ्या कपबशीपुढे पडला, त्याच्याच जातकुळीचा प्रश्न तिथे आहे : चार लोकांच्या जागेत माणसाने आहे तसे बसायचे, की आपली ओळख दाराबाहेर ठेवून आत जायचे?

न्यूयॉर्कचे उदाहरण घेऊ. तिथल्या मद्यपरवाना खात्याच्या धाकाने बारमालक समलिंगी गिऱ्हाइकाला दारू देत नसत. अशी माणसे जमली की जागा 'बेशिस्त' ठरे आणि परवाना धोक्यात येई. २१ एप्रिल १९६६ ला मॅटाशीन सोसायटी ह्या संघटनेचे डिक लाइट्श, क्रेग रॉडवेल आणि जॉन टिमन्स पत्रकारांना बरोबर घेऊन बाहेर पडले. बारमध्ये बसायचे, आम्ही समलिंगी आहोत असे सांगायचे आणि पेय मागायचे, एवढाच कार्यक्रम. गंमत अशी की नकार मिळवण्यासाठी त्यांना हिंडावे लागले. पहिली जागा बंद निघाली; पुढे दोन ठिकाणी मुकाट्याने पेय देण्यात आले. अखेर 'ज्युलियस' नावाच्या बारमध्ये नकार मिळाला. बारवाल्याने ग्लास पुढे ठेवला होता. ह्यांनी ओळख सांगताच त्याने ग्लासावर पंजा झाकला. फ्रेड मॅकडारा ह्या छायाचित्रकाराने तो हात टिपला आहे. तो फोटो मी प्रथम पाहिला तेव्हा मला न्यूयॉर्क दिसले नाही. ओंजळीत वरून पाणी ओतणारा, भांड्याला बोट लागू न देणारा जो हात आज्याच्या बोलण्यातून मला लहानपणापासून ठाऊक होता, तो दिसला.

ह्या माणसांनी ही रीत काळ्या लोकांपासून उचलली होती. १ फेब्रुवारी १९६० ला ग्रीन्सबरो गावात चार काळे विद्यार्थी वूलवर्थ दुकानातल्या, फक्त गोऱ्यांना वाढणाऱ्या टेबलापाशी जाऊन बसले आणि उठले नाहीत. महाड त्याच्याही ३३ वर्षे आधीचे. महाडचा क्रम कार्यकर्त्यांनी पुन्हा आठवावा. सी. के. बोले ह्यांचा सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली संमत केला. महाड नगरपालिकेने १९२४ ला तळे खुले केल्याचे ठरवले. कागदावर सगळे झाले होते. पाणी प्यायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला, त्यानंतर मार खावा लागला, आणि कोर्टाचा शेवटचा निकाल यायला १९३७ साल लागले. कागद आणि ओंजळ ह्यांतले हे अंतर समलिंगी माणसाच्या वाट्याला आज आले आहे. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ मधून प्रौढांचे संमतीचे संबंध वगळले. निकालपत्रात संविधानात्मक नैतिकतेचा आधार घेतला आहे, आणि ती कल्पना आपल्याकडे बाबासाहेबांच्या ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणातून आलेली आहे. गुन्हा गेला. बसायची जागा मात्र निकालपत्रातून मिळत नसते.

मुंबईत समलिंगी बार म्हणजे बहुधा एक वार असतो. कुलाब्यातला 'वूडू' हा पब १९९० च्या दशकात आणि पुढे काही वर्षे शनिवारी रात्री ह्या लोकांचा होई. एरवी तो इतरांचा. आता तो राहिलेला नाही. आज आयोजक एखाद्या मालकाशी बोलून एक रात्र ठरवतात, पत्ता फोनवर कळतो, दाराशी पैसे घेतात. मालकाला समाजपरिवर्तनाशी देणेघेणे नसते, त्याला मंद दिवशी गल्ला भरायचा असतो. मला त्यात वावगे वाटत नाही. न्यूयॉर्कचा 'स्टोनवॉल', जिथे २८ जून १९६९ च्या पहाटे पोलिसांच्या धाडीला लोकांनी उलट तोंड दिले आणि जगभरच्या समलिंगी चळवळीने जिथून आपला काळ मोजायला सुरुवात केली, तो बार गुंडांच्या टोळीचा होता. त्याच्याकडे दारूचा परवाना नव्हता आणि ग्लास विसळायला नळाचे वाहते पाणीही नव्हते. पण घरातून हाकललेल्या पोरांना आणि बायकी वेषातल्या गरीब पुरुषांना आत घेणारा तो होता.

मी गेलो ती जागा पश्चिम उपनगरात, स्टेशनपासून पायी दहा मिनिटांवर. यवतमाळहून मुंबई म्हणजे आधी एस.टी.ने धामणगाव किंवा बडनेरा गाठायचे आणि मग रात्रभराची गाडी. तिथे मी अभ्यासक म्हणून गेलो नव्हतो. मी त्या लोकांतलाच आहे. हे छापल्यावर स्टाफरूममध्ये काय व्हायचे ते होईल.

खाली वडापावचे दुकान, बाजूने अरुंद जिना, वर हॉल. रेक्झिन फाटलेले बाक, हळदीचे डाग पडलेले मेन्यूकार्ड, वाटीत खारे शेंगदाणे. आमच्याकडच्या 'फॅमिली रूमची सोय' असे लिहिलेल्या कुठल्याही परमिट रूमसारखीच ती जागा. (परमिट रूम हा शब्द १९४९ च्या दारूबंदी कायद्यातून आला. त्या कायद्याप्रमाणे प्यायला माणसाला सरकारी परवाना लागतो, हे पिणाऱ्यांनाही फारसे ठाऊक नसते.) मधली टेबले भिंतीला सरकवून नाचायला जागा केलेली. पंचवीस-तीस माणसे. नाचणारी पोरे कोवळी होती, त्यांच्याकडे सगळ्यांचे लक्ष. माझे लक्ष मात्र कोपऱ्यातल्या दोघांवर खिळले. दोघेही पन्नाशीचे, एकाच्या पायाशी डब्याची पिशवी, सरळ कामावरून आलेला असावा. टेबलावर उघड्यावर एकमेकांचा हात धरून बसले होते आणि अर्धा तास काही बोलले नाहीत. आमच्याकडे म्हातारे नवराबायको एस.टी.त बसतात तसे. असे बसणे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिले. यवतमाळच्या बसस्टँडवर, आर्णी रोडवर, कॉलेजच्या आवारात अशा दोन माणसांना नुसते बसता येत नाही. चोरून भेटता येते. बसणे वेगळे.

मी पोऱ्याला "लिंबू-सोडा दे ना गा" म्हणालो, तेवढ्यावरून शेजारच्या बाकावरचा तरुण वळला. "कोन्या गावचे भाऊ तुमी?" तो दिग्रसकडचा निघाला, मुंबईत घरोघर पार्सले पोचवतो. मी मास्तर आहे कळल्यावर भाऊचा सर झाला. म्हणाला, "सर, इथं कोनी आडनाव नाही इचारत. मोबाइलवर पयले तेच इचारतात." मोबाइलवर म्हणजे ओळखी जुळवण्याच्या ॲपवर. तिथे त्याने आडनाव सांगितले की पलीकडचा गप्प होतो, हा त्याचा अनुभव. तो महिन्यातून एकदाच इथे येतो, कारण दारावरचे पैसे त्याच्या दिवसभराच्या कमाईइतके. दारावरच्या माणसाने त्याला दोनदा न्याहाळले होते, इस्त्रीच्या शर्टामुळे मला एकदाच.

आडनाव कोणी विचारत नाही, हे मात्र त्याचे समाधान होते. तासाभराने एका सद्गृहस्थाने इंग्रजीत माझी चौकशी केली : कुठला, काय करतो, पूर्ण नाव काय. मी पूर्ण नाव सांगितले. त्यानंतर संभाषण आरक्षणावर गेले.

ह्याचा अर्थ बार निरुपयोगी असा नाही. अर्थ एवढाच की जातीला दारावर पैसे द्यावे लागत नाहीत, ती फुकट आत येते. समलिंगी चळवळीतले प्रस्थापित बोलताना आम्ही सगळे एकाच बहिष्कारात आहोत असे म्हणतात. धिरेन बोरिसा ह्या दलित अभ्यासकाने दिल्लीतल्या अशाच जागांचा अभ्यास करून, त्यांत जात आणि वर्ग कसे काम करतात ते दाखवले आहे. आर. राज राव ह्यांच्या 'द बॉयफ्रेंड' (२००३) ह्या इंग्रजी कादंबरीत उच्चवर्णीय पत्रकार आणि दलित पोरगा मिलिंद ह्यांची गाठ चर्चगेट स्टेशनच्या मुतारीत पडते. कादंबरी धीट आहे, आणि मुतारीत सुरू होणे हा तिचा खरेपणाच आहे, कारण ज्यांना बार परवडत नाही त्यांची जागा तीच. पण मिलिंद आपल्याला दिसतो तो बहुतेक त्या पत्रकाराच्या डोळ्यांनी. मिलिंदच्या बाजूने लिहिलेली कादंबरी मराठीत यायला हवी, आणि ती आपल्यापैकी कोणीतरी लिहायला हवी.

आपल्या बाजूचा हिशेबही मांडला पाहिजे. हे शहरी, श्रीमंत, परदेशी खूळ आहे, असे आपल्याकडचे कार्यकर्ते म्हणतात. त्यांनी १९३४ साल पाहावे. रघुनाथ धोंडो कर्वे ह्यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावर अश्लीलतेचा खटला झाला होता. गुन्हा काय, तर वाचकांनी हस्तमैथुनाबद्दल आणि समलिंगी संबंधांबद्दल विचारलेल्या खाजगी प्रश्नांना कर्व्यांनी उत्तरे छापली. वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतले. महाड, नाशिक आणि गोलमेज परिषदा अंगावरून गेलेल्या त्या माणसाला ह्या खटल्यातून मिळण्यासारखे काही नव्हते, बदनामीच होती. लैंगिक प्रश्नांना वाहिलेल्या मासिकाने वाचकांच्या शंकांना उत्तर द्यायचे नाही तर कोणी, असा त्यांचा युक्तिवाद होता, आणि त्यांनी हॅवलॉक एलिसच्या संशोधनाचा दाखला दिला. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. प्रश्न विचारणारे ते वाचक कोण होते, हे मला नेहमी कुतूहल वाटते. पत्र टाकायला त्यांना एक मासिक तरी होते.

दुसरे साल १९७०. ज्या ब्लॅक पँथरवरून १९७२ ला मुंबईत दलित पँथरने नाव घेतले, तिच्या ह्यूई न्यूटनने त्या वर्षी १५ ऑगस्टला आपल्या साथींना सांगितले की स्त्रियांच्या आणि समलिंगी लोकांच्या मुक्तिचळवळींशी मैत्री करा, आणि त्यांच्यासाठी वापरल्या जाणाऱ्या शिव्या आपल्या तोंडून काढून टाका. पँथरचा आवेश आपण घेतला, हा भाग घेतला नाही. दलित पँथरच्या १९७३ च्या जाहीरनाम्याने दलित शब्दाची व्याख्या रुंद केली. अनुसूचित जाती-जमाती, नवबौद्ध, कामगार, भूमिहीन, स्त्रिया आणि धर्माच्या नावाने पिळले जाणारे सगळे त्यात आले. समलिंगी माणसाचा त्यात उल्लेख नाही. पण 'धर्माच्या नावाने' ह्या शब्दांत तो बसत नाही असे कोणी सिद्ध करून दाखवावे.

आता आमचा जिल्हा. ३० डिसेंबर २०१७ ला यवतमाळातल्याच एका तरुणाने आपल्या परदेशी जोडीदाराशी शहरातल्या एका हॉटेलात लग्न लावले. कलम ३७७ तेव्हा जिवंत होते. बातमी देशभर गेली, गावात थोडी बोंब झाली, पण आभाळ कोसळले नाही. त्या लग्नाला कायद्याची मान्यता तेव्हा नव्हती आणि १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालानेही ती दिली नाही. तो तरुण परदेशात नोकरीला होता, म्हणून धाडस परवडले, असे लोक म्हणतात. म्हणत असतील तर मग ज्याला परवडत नाही त्याचे काय, हे पुढचे वाक्य त्यांनीच बोलले पाहिजे. पांढरकवड्याच्या, पुसदच्या, घाटंजीच्या पोराला नागपूर गाठल्याशिवाय कोणी भेटत नाही. दिग्रसच्या त्या तरुणाने निघताना मला विचारले होते, "सर, आपल्याकडं नुसतं बसाले काही आहे काय? चहाची टपरी चालीन."

दारू नको, नाचगाणे नको, महिन्यातली एक संध्याकाळ आणि एक खोली पुरे. आपल्या प्रत्येक तालुक्यात विहार आहे, बहुतेक विहारांना लागून वाचनालयाची खोली आहे, आणि ती आठवड्यातले चार दिवस कुलपात असते. आमच्या गावच्या वाचनालयाच्या तीन कार्यकर्त्यांशी मी बोललो. एक उठून गेला. दुसऱ्याने समाजात चर्चा होईल म्हणून नाही सांगितले. तिसऱ्याने बराच वेळ पानाला चुना लावला आणि मग किल्ली कोणाच्या घरी असते ते सांगितले.