मोरचुदाचा निळा रंग कोणाचा?

मोरचूद पाहिलंय का? द्राक्षबागेत बोर्डो मिश्रणासाठी चुन्याबरोबर वापरतात ते. मोराच्या मानेसारखे निळेशार खडे!

शाळेत सरांनी एकदा त्याची पूड परीक्षानळीत घालून तापवली. थोड्या वेळात नळीच्या तोंडाशी पाण्याचे बारीक थेंब जमले आणि पूड झाली पांढरीफटक. आम्हाला वाटलं, जळाली! सरांनी ती गार होऊ दिली, वरून एकच थेंब पाणी सोडलं. थेंब पडला तेवढी जागा पुन्हा निळीशार!

म्हणजे तो निळा रंग मोरचुदातल्या एकट्या तांब्याचा नव्हताच. तो तांबं आणि पाणी यांच्या दोस्तीचा होता.

ही दोस्ती जरा वेगळी असते हं. दोन अणू जोडले जातात ते बहुतेक वेळा इलेक्ट्रॉनच्या जोडीने. एक इलेक्ट्रॉन याचा, एक त्याचा. जशी एकाची बॅट, दुसऱ्याचा चेंडू. मग दोघं मिळून खेळायचं. पण एखाद्याकडे बॅट आणि चेंडू दोन्ही असतील आणि दुसऱ्याकडे नुसतंच मोकळं मैदान, तर? तरी खेळ जमतोच की! पाण्यातल्या ऑक्सिजनकडे इलेक्ट्रॉनच्या दोन जोड्या कुठेच न गुंतलेल्या असतात. मोरचुदातल्या तांब्याने दोन इलेक्ट्रॉन गमावलेले असतात, त्याच्याकडे जागा रिकामी. ऑक्सिजन आपली अख्खी जोडी पुढे करतो, ती दोघांची होते. हाच समन्वय बंध. मोरचुदात एकेका तांब्याभोवती असे चार पाण्याचे रेणू असतात. तापवलं की पाणी निघून जातं, आणि रंगही.

पाण्याहून अमोनिया तांब्याला घट्ट धरतो. त्याच्या नायट्रोजनकडे अशी एकच जोडी असते, पण ती तो सहज पुढे करतो. मोरचुदाच्या पाण्यात अमोनिया थेंबथेंब घाला. आधी फिकट निळा साका बसतो. अजून घाला, साका विरघळतो आणि असा गडद जांभळट निळा रंग येतो की बघत राहावं.

अशा संयुगांचं कोडं सोडवलं झुरिचच्या आल्फ्रेड वेर्नर यांनी, 1893 साली, अवघ्या सव्विसाव्या वर्षी. मधल्या धातूभोवती ठराविक संख्येने, ठराविक आकारात बाकीचे रेणू बसतात, असं त्यांनी मांडलं. आणि इलेक्ट्रॉनचा शोध लागला 1897 मध्ये! ज्या जोडीने हे सगळं बांधलेलं आहे तिचा पत्ताही नसताना त्यांनी आकार ओळखला. मला तर हे रंगाच्या जादूहूनही मोठं वाटतं. 1913 मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

मोरचूद विषारी असतं, तेव्हा घरी प्रयोग नको. उद्या शाळेत सरांना किंवा बाईंना सांगा, प्रयोगशाळेत करून दाखवतील. आणि तो एक थेंब पडताना नजर मात्र हलवू नका.