अणदूर : देवाचा करार आणि माणसांचे कागद

मराठवाड्यात गेल्या काही वर्षांत निजामकालीन कागदांना एकाएकी मोल आले. कुणबी नोंदींच्या शोधासाठी २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. सप्टेंबर २०२५ मध्ये शासनाने हैद्राबाद गॅझेटच्या आधारे निर्णय काढला. तहसील कचेऱ्यांतील उर्दू आणि मोडी लिपीतील जुनी दप्तरे बाहेर निघाली. त्या मागणीच्या योग्यायोग्यतेची चर्चा येथे करावयाची नाही. ज्याचे नाव कागदावर असते त्याला इतिहास असतो, हक्क असतो, ही गोष्ट आता साऱ्या समाजाला कळली, एवढेच मला नोंदवायचे आहे. गावकुसाबाहेरच्या माणसाला ती पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. हे सूत्र हाती धरून तुळजापूर तालुक्यातील अणदूर या गावाचा भूगोल आणि इतिहास मी मांडणार आहे.

अणदूर सोलापूर-हैद्राबाद रस्त्यावर आहे. सोलापूरकडून येताना आधी अणदूर लागते, मग नळदुर्ग. हा बालाघाटाच्या डोंगररांगेचा दक्षिणेकडील मुलूख. खाली काळा पाषाण, वर कोठे काळी माती तर कोठे नुसता मुरूम. पाऊस बेभरवशाचा. ज्वारी, तूर, उडीद ही येथील जुनी पिके. सोयाबीन आणि द्राक्षे अलीकडची. नळदुर्गाला वळसा घालणारी बोरी नदी पुढे भीमेला मिळते. कानडी मुलूख हाकेच्या अंतरावर आहे. कन्नडमध्ये ऊर म्हणजे गाव. अणदूर, आलूर, येणेगूर ही नावे एका ओळीत ठेवली की भाषांची सीमा नकाशावरच्या रेषेइतकी सरळ नसते हे ध्यानात येते.

या परिसराचा लिखित इतिहास म्हणजे मुख्यतः नळदुर्गाचा इतिहास. बहामनी गेले, आदिलशाही आली. दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाच्या काळात, १६१३ साली, बोरीच्या पात्रात बंधारा घालून त्याच्या पोटात पाणीमहाल बांधला गेला. पुढे मोगल, मग निजाम. १८५३ च्या तहाने निजामाने हा भाग इंग्रजांकडे दिला आणि १८६० मध्ये तो परत मिळवला. मधल्या काळात मेडोज टेलर हा इंग्रज अधिकारी नळदुर्गला कारभार पाहत होता. त्याने आपल्या आत्मचरित्रात या दिवसांबद्दल लिहून ठेवले आहे. निजामाच्या अमलात हा जिल्हा नळदुर्गच्याच नावाने ओळखला जाई. विसाव्या शतकात ते नाव मागे पडून उस्मानाबाद आले आणि २०२३ मध्ये धाराशिव झाले. सुलतान, निजाम, इंग्रज अधिकारी, सगळे कागदावर आहेत. बंधाऱ्याचा दगड कोणी फोडला आणि कोणी वाहिला, याची नोंद मात्र या इतिहासात शोधून सापडत नाही.

अणदूरची खरी प्रसिद्धी खंडोबामुळे. येथील व्यवस्था मोठी विलक्षण आहे. मूर्ती एक, मंदिरे दोन. देव सव्वा दहा महिने अणदूरला राहतो आणि पावणेदोन महिने नळदुर्गजवळच्या मैलारपूरला. मार्गशीर्षात तो पालखीतून मैलारपूरला जातो, पौष पौर्णिमेची मोठी यात्रा तेथे भरते आणि मग देव परत अणदूरला येतो. दोन गावांचे मानकरी देव नेताना आणि आणताना आपसांत लेखी करार करतात. श्रद्धाळू माणसे याकडे परंपरा म्हणून पाहतात. मी इतिहासाचा शिक्षक म्हणून पाहतो तेव्हा मला यात एक सामाजिक शहाणपण दिसते. देवावर दोन गावांचा हक्क असेल तर भांडण होऊ शकते, हे जुन्या माणसांनी ओळखले. तोंडी शब्दावर भरवसा न ठेवता त्यांनी मुदत ठरवली आणि कागद केला.

प्रश्न असा की, देवाच्या मुक्कामासाठी ज्या ग्रामव्यवस्थेला लेखी करार आवश्यक वाटला, तिने माणसाच्या श्रमासाठी तो का केला नाही?

महार-मांगांची गावकी हाही एक करारच होता, असे गावगाड्याचे गोडवे गाणारे सांगतात. वेसकराने वेशीवर राखण करायची, सरकारी वसूल कचेरीत पोचवायचा, सांगावे न्यायचे, मेलेले ढोर ओढायचे, शिवेचा तंटा पडला तर साक्ष द्यायची. मांगाने दोरखंड वळायचे. मोबदला म्हणून बलुते आणि इनामाचा लहानसा तुकडा. पण करार कशाला म्हणतात? दोन्ही पक्षांना अटी ठाऊक असतात, मुदत असते आणि नको असेल तर नाही म्हणता येते. येथे मुदत जन्मभराची आणि नंतर मुलाच्या जन्मभराची. कामाचे तास नाहीत. बलुत्याचे माप देणाऱ्याच्या मर्जीवर. आमच्या आजोबांना शेजारच्या एका गावात रात्री-अपरात्री साहेबाचे ओझे वाहायला बोलावले जाई. बोलावणाऱ्याला कोणताही कागद दाखवावा लागत नसे, जातच पुरे होती.

आपल्याकडे बावन्न हक्कांची आख्यायिका सांगितली जाते. बेदरच्या बादशहाने महारांना बावन्न हक्कांची सनद दिली, असे ती सांगते. बेदर येथून फार दूर नाही. ही कथा ऐतिहासिक पुराव्याला किती उतरते हा वेगळा विषय. मला तिच्यामागची भूक महत्त्वाची वाटते. ज्या समाजाच्या हाती कागद नव्हता त्याने बादशहाच्या सनदेची कथा जपून ठेवली, कारण आपला हक्क भिकेवर नाही, लेखावर आहे, असे त्याला म्हणायचे होते.

खंडोबाच्या संप्रदायातील मुरळीचा विचारही याच अंगाने केला पाहिजे. नवसापोटी मुलगी देवाला सोडण्याची चाल या संप्रदायात होती आणि तिचा भार बहुतांशी खालच्या मानलेल्या जातींच्या मुलींवर पडला. मुंबई इलाख्यात १९३४ मध्ये देवदासी संरक्षणाचा कायदा झाला. निजामाच्या मुलखात तो लागू नव्हता. महाराष्ट्राचा देवदासी प्रथा निर्मूलन कायदा २००५ चा. देव कोठे किती दिवस राहील हे दोन गावांनी बसून ठरवले. मुलीला मात्र कोणी विचारले नाही.

ही तोंडी गुलामी कायद्याच्या कक्षेत ओढण्याचे काम बाबासाहेब आंबेडकरांनी केले. १९२८ साली त्यांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. कामे निश्चित व्हावीत, मोबदला निश्चित व्हावा आणि ज्याला वतन सोडायचे त्याला ते सोडता यावे, ही त्यामागची भूमिका. ते विधेयक तडीस गेले नाही. २२ व २३ फेब्रुवारी १९४१ रोजी कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदार परिषद भरली आणि बाबासाहेब तेथे आले. हे गाव आज आपल्याच धाराशिव जिल्ह्यात आहे. महार आणि मांग एका मांडवात आले, हे त्या परिषदेचे वैशिष्ट्य आजच्या कार्यकर्त्यांनी विसरू नये.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा सोलापूरकडून याच रस्त्याने निघाल्या आणि त्याच दिवशी नळदुर्गचा किल्ला आणि बोरीवरचा पूल त्यांनी ताब्यात घेतला. १७ सप्टेंबरला निजामाची राजवट संपली. मुक्तिदिनाच्या भाषणांत हा इतिहास दरवर्षी येतो आणि आलाच पाहिजे. परंतु पोलीस कारवाईनंतर मुसलमानांची जी कत्तल झाली तिची चौकशी पंडित सुंदरलाल समितीने केली, सर्वाधिक झळ पोचलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचा समावेश केला, आणि तो अहवाल कित्येक वर्षे लोकांसमोर आला नाही, हेही विद्यार्थ्यांना सांगितले पाहिजे. कागद नसणे ही एक गोष्ट आणि असलेला कागद दाबून ठेवणे ही दुसरी. दोन्हींचा फायदा बलवानालाच होतो.

राजवट बदलली म्हणून गावकी लगेच गेली नाही. हैद्राबाद राज्याचा इनाम निर्मूलनाचा कायदा १९५४ चा. त्याने इनामे खालसा केली. परंतु गावच्या सेवेसाठी दिलेली सेतसंधी आणि बलुता इनामे मूळ कायद्याने वगळली होती. ती पुढच्या दुरुस्त्यांवर पडली. स्वातंत्र्य आले तरी वेसकराची रात्र संपायला आणखी वेळ लागला.

मग भूमिहीन दलिताचे नाव सरकारी कागदावर श्रमाचा हक्कदार म्हणून कधी आले? माझ्या मते दुष्काळाने ते आणले. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला माणसे निघाली. पुढे रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि १९७९ पासून लागू झाला. मस्टरवर बाईचे नाव, हजेरी, मजुरी, अंगठा. खोटी मस्टरे झाली, मजुरी बुडाली, हे सर्व खरे. तरीही बलुत्याच्या पसाभर ज्वारीपेक्षा मस्टरवरची ओळ वेगळी होती. मजुरी बुडाली तर त्या ओळीवर बोट ठेवून भांडता येत होते.

जमिनीच्या बाबतीत ही लढाई अपुरी आहे. मराठवाड्यात गायरान कसणारी हजारो दलित कुटुंबे आहेत. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पूर्वीची अतिक्रमणे नियमित करण्याची वाट मोकळी केली. अट पुराव्याची. दगड वेचून ज्याने रान केले त्याच्याजवळ घट्टे पडलेले हात आहेत. पण पेऱ्याची नोंद तलाठ्याच्या दप्तरात हवी, आणि ती करणारा गावच्या बलिष्ठांच्या ओसरीवर बसणारा! तेव्हा कसणाऱ्याला पुराव्याअभावी अतिक्रमणदार म्हणायचे, हा न्याय कोणता?

शिक्षणाने मात्र एक कागद हाती दिला. या भागात जवाहर विद्यालय आणि सि. ना. आलुरे गुरुजी ही नावे शिक्षणाशी जोडली गेली आहेत. अणदूरच्याच हॅलो मेडिकल फाउंडेशनने खेड्यांतील बायकांना आरोग्याचे शिक्षण देऊन ‘भारतवैद्य’ केले. आणि आपल्या जिल्ह्यातील महाविद्यालये ज्या विद्यापीठाला जोडलेली आहेत त्याच्या नावासाठी १९७८ ते १९९४ अशी सोळा वर्षे झगडावे लागले, घरे जळाली, माणसे मेली. माझ्या घराण्यात पदवीचा पहिला कागद माझा. त्यावर बाबासाहेबांचे नाव आहे. वर्गातली बरीच मुले ते नाव पूर्वीपासूनच होते असे समजतात. त्यांना ही सोळा वर्षे मी पहिल्याच आठवड्यात सांगतो.

गावाचा इतिहास लिहून आणा म्हटले की विद्यार्थी किल्ला, मंदिर आणि फौजेचा रस्ता लिहून आणतात. वस्तीतली मुले सहसा एवढेच म्हणतात, ‘सर, आमच्याकडं लिहिण्यासारखं काही नाही.’ त्यांच्यासाठी आणि त्यांच्या शिक्षकांसाठी काही कामे सुचवतो. तहसीलच्या अभिलेख कक्षात गावनकाशा मागा. त्यावर वस्ती, पाणवठा, मसणवटा आणि गायरान कोठे आहे ते पाहा. खासरापत्रक मागा. सेतसंधीची जमीन कोणाच्या नावे होती आणि आज सातबारा कोणाचा आहे ते ताडून पाहा. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात वस्तीतले पहिले मूल कोणत्या साली आले, पहिली मुलगी कधी आली, ते टिपा. उर्दू वाचणारा माणूस शेजारच्या मोहल्ल्यात मिळेल. त्याच्याकडून वाचून घ्या, त्या निमित्ताने दोन वस्त्या एकत्र बसतील. २०२० च्या निर्णयाने वस्त्यांची जातीवाचक नावे बदलायची आहेत. ती बदलावीतच, परंतु जुने नाव आणि त्या नावाने सोसलेले काय, हे वहीत लिहून ठेवल्यावाचून पाटी उतरवू नका. आणि म्हाताऱ्या माणसांकडे आधी जा. कचेरीतील कागद उद्याही मिळेल.